बुद्ध्यांक ६९: पुण्यातल्या एका मुलीचं प्रकरण

हडपसरच्या पुढे, महापालिकेच्या एका मराठी शाळेत चौथीत शिकणारी मुलगी. तिला इथे 'स' म्हणू. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. वय ९ वर्षं ८ महिने. वर्गशिक्षिकेची तक्रार अशी: जोडाक्षरं वाचता येत नाहीत, फळ्यावरचं उतरवून घ्यायला फार वेळ लागतो, प्रश्न विचारला की नुसती तोंडाकडे बघत राहते. शाळेच्या सांगण्यावरून पालकांनी एका खासगी केंद्रात तिचं बुद्धिमापन करून घेतलं. एक पानी अहवाल आला. शाब्दिक बुद्ध्यांक ६१, कृतींवर आधारलेला ७७, एकूण ६९. खाली एकच वाक्य: सौम्य बौद्धिक अक्षमता, विशेष शाळेचा विचार व्हावा.

मी शाळांमधून समुपदेशनाचं काम करते. मुख्याध्यापिकांना या अहवालावर पुढचा पत्रव्यवहार करायचा होता, पण वर्गशिक्षिकेचं मन घेत नव्हतं. "मॅडम, ती मंद आहे असं मला नाही वाटत. ती हुशार आहे असंही नाही म्हणत मी. पण काहीतरी चुकतंय," असं त्या म्हणाल्या. म्हणून फाईल माझ्याकडे आली.

हे प्रकरण लिहिते आहे कारण 'अशा कसोट्या न्याय्य आहेत का' यावर आपल्याकडे दोनच टोकं ऐकू येतात. एक म्हणतं, आकडा म्हणजे आकडा. दुसरं म्हणतं, कसोट्या थोतांड आहेत. माझं मत दोन्हींत बसत नाही. ६९ हा आकडा खोटा नव्हता. त्या दिवशी, त्या खोलीत, त्या प्रश्नांना तिने जितकी उत्तरं दिली तितकेच गुण तिला पडले, आणि तपासणाऱ्या बाईंनी नियमपुस्तिका काटेकोर पाळली होती. अन्याय झाला तो त्यानंतर, आकड्यावरून थेट 'अक्षम' या शेऱ्यावर उडी मारताना.

घरची हकिगत

आई-वडील बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातले, ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घ्यायची, नवरा-बायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून टोळीबरोबर निघायचं आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, उसाच्या फडाजवळच्या कोपीत (झोपडीत) राहायचं. म्हणजे शाळेच्या वर्षातले जवळपास सहा महिने गावाबाहेर. अशा मुलांसाठी कारखान्यांजवळ साखरशाळा आणि गावात हंगामी वसतिगृहं निघाली, पण 'स'च्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं. पहिलीचं बरंचसं वर्ष करोनामुळे शाळा बंद. दुसरीत निम्मं वर्ष फडावर. तिसरीपासून कुटुंब पुण्यात आलं. वडील बांधकामावर बिगारी, आई सकाळी धुणीभांडी करते आणि संध्याकाळी मावशीबरोबर भाजीची हातगाडी लावते. धाकटा भाऊ दोन वर्षांचा, तो 'स'च्या कडेवर.

यातलं एक अक्षर त्या अहवालात नव्हतं. 'शैक्षणिक पार्श्वभूमी' या रकान्यात 'इयत्ता चौथी' एवढंच लिहिलेलं.

हे नुसतं हळहळण्यापुरतं नाही, त्याचा आकड्याशी थेट संबंध आहे. स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून दाखवलं की शाळेचं प्रत्येक जादा वर्ष बुद्ध्यांकात साधारण १ ते ५ गुणांची भर घालतं. म्हणजे आपण ज्याला जन्मजात कुवत समजून मोजतो, त्यात शाळेचा मोठा वाटा असतो. चौथीत बसलेल्या पण जेमतेम दोन वर्षं शिकलेल्या मुलीची तुलना आपण तिच्या वयाच्या, सलग शाळेत गेलेल्या मुलांशी केली होती.

कसोटीत काय घडलं

वापरलेली कसोटी मॅलिन यांची. डॉ. आर्थर मॅलिन यांनी नागपूरला काम करत असताना अमेरिकेतल्या वेक्सलर कसोटीवरून भारतीय मुलांसाठी ती तयार केली, १९६९ मध्ये. ती जुनी झाली म्हणून गुण कमी आले, असं कुणी म्हणेल तर ते बरोबर नाही. संशोधक जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिलं आहे की अनेक देशांत दर दशकाला सरासरी ३ गुणांनी समाजाची कामगिरी वर जात राहिली. त्यामुळे जुने निकष लावले की गुण उलट फुगतात. हे लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण 'स'ची बाजू घेताना सोयीचं तेवढंच सांगायचं नाही.

मी मूळ उत्तरपत्रिका मागवली. केंद्राने ती दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. एकूण आकड्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती त्या कागदावर होती. कसोटीतले खरे प्रश्न जाहीर करायचे नाहीत हा आमच्या कामाचा दंडक आहे, म्हणून खालचे प्रश्न त्या धाटणीचे, पण मी घातलेले आहेत. नंतर तिच्याशी बोलताना मी ते विचारले.

"दुकानात कुणाची तरी छत्री राहिलेली दिसली, तर काय करशील?"

"हात नाही लावणार."

असं उत्तर गुणपत्रिकेत शून्य. दुकानदाराला सांगेन, ज्याची आहे त्याला देईन, अशी अपेक्षा असते. मी विचारलं, का नाही लावणार? ती म्हणाली, "आमच्यावरच आळ येतो." आई ज्या घरांमध्ये कामाला जाते तिथे तिने हे पाहिलेलं. परिस्थितीचा अंदाज घेऊन स्वतःला जपणं हे समजुतीचंच लक्षण आहे, पण गुण देण्याच्या पद्धतीत त्याला जागा नाही.

"ऊस आणि ज्वारी यांच्यात सारखं काय?"

"काहीच नाही. ज्वारी खायाची. ऊस तोडायचा."

'दोन्ही पिकं आहेत' हे उत्तर शाळा शिकवते. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका दाखवून वेगळं काय ते विचारलं होतं. ओंडका बाजूला काढायला ते तयार होईनात. ओंडक्याशिवाय करवतीचा उपयोग काय, हा त्यांचा मुद्दा. थोडीफार शाळा शिकलेले मात्र पटकन 'हत्यारं' असा गट करत. वस्तूंना त्यांच्या वापरापासून सोडवून गटांत घालायची सवय शाळेच्या वर्गातच लागते. पुण्यात तर ही सवय विकतही मिळते. अप्पा बळवंत चौकात शिष्यवृत्तीच्या 'बुद्धिमत्ता चाचणी'ची पुस्तकं थप्प्यांनी मांडलेली असतात. गटात न बसणारा शब्द, सांकेतिक भाषा, आकृत्यांची मालिका. ज्या घरात ही पुस्तकं येतात तिथलं मूल अशा प्रश्नांचा साचा आधीपासून ओळखतं. 'स'ने तो पहिल्यांदा पाहिला तो केंद्रातल्या टेबलावर.

कृतींच्या भागात वेगळंच दिसलं. ठोकळे लावून आकृती तयार करण्याच्या प्रकारात तिची पुष्कळ उत्तरं शून्य गुणांची, पण तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने टिपलं होतं: 'वेळ संपल्यावर पूर्ण केली, बरोबर.' अशी टिपणं पाच ठिकाणी होती. नियमाने ती गुणांत धरता येत नाहीत, हे मान्य. पण अहवालात तरी यायला हवी होती. आकृती समजत नाही ही एक गोष्ट आणि समजते पण हात सावकाश चालतो ही दुसरी. उपायही दोन्हींवर वेगळे. शाब्दिक आणि कृतींच्या भागांतलं १६ गुणांचं अंतरसुद्धा कुणाला तरी थांबवायला पुरेसं होतं. दोन भाग इतके लांब असताना एकूण आकडा फारसं काही सांगत नाही. शिवाय अशा मापनात पाच-सहा गुण इकडेतिकडे होणं गृहीतच असतं, आणि अक्षमतेसाठी साधारणपणे धरली जाणारी ७० ही रेष तिच्यापासून एका गुणावर होती.

अजून एक बारीक गोष्ट. केंद्रात पहिली पंधरा मिनिटं फॉर्म भरण्यात गेली: पूर्ण नाव, गाव, जात, वडिलांचा धंदा, उत्पन्न, सगळं मुलीसमोर, मोठ्याने. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं जवळपास सारखी होती. जाहीर केली तेव्हा दलित मुलांची कामगिरी ढासळली. २००६ सालचा हा अभ्यास वाचलेलं कुणीही हा फॉर्म मुलीसमोर भरून घेणार नाही.

हातगाडीवर

मी एका संध्याकाळी मांजरी रस्त्यावर त्यांच्या गाडीपाशी उभी राहिले. एक बाई आल्या. मेथीच्या दोन जुड्या, पावशेर मिरची, दीड किलो टोमॅटो. मेथी १५ रुपये जुडी, मिरची २० रुपये पावशेर, टोमॅटो ३० रुपये किलो. मावशी तराजूवर, हिशेब 'स'कडे. तिने भावाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "पंच्याण्णव." बाईंनी दोनशेची नोट दिली. "पाच सुटे नाहीत काकू, लिंबं घ्या दोन." लिंबं पाच रुपयांना दोन. शंभराची नोट परत गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी वहीत २०० वजा ९५ लिहून दिलं. तिने उत्तर लिहिलं २९५. पाचातून शून्य गेला पाच, नवातून शून्य गेला नऊ, वरचे दोन तसेच खाली. मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढाच नियम तिच्या हाती लागलेला. हातचा घेणं शिकवलं तेव्हा ती फडावर होती. मी विचारलं, "काल त्या काकूंना दोनशेतून दोनशे पंच्याण्णव परत दिले असते का?" ती खळखळून हसली. "मग धंदाच बुडंल की!" आणि मग वहीकडे बघत गप्प झाली. हे तिचं तिला दिसलं, ते मला फार मोलाचं वाटलं.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला, १९८५ साली छापून आलेला अभ्यास याच गोष्टीवर आहे. रस्त्यावर माल विकणारी मुलं गाडीवरचे हिशेब ९८ टक्के बरोबर करत होती. तीच गणितं कागदावर आकड्यांत दिली की बरोबर उत्तरांचं प्रमाण ३७ टक्क्यांवर आलं. आपल्याकडे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर असाच अभ्यास केला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारातली मुलं तोंडी व्यवहार सफाईने करतात आणि पुस्तकी मांडणीत अडतात. शाळेत जाणाऱ्या मुलांची गत नेमकी उलटी. ती कागदावर चालतात, व्यवहारात गडबडतात. मग या दोघांपैकी कुणाची कसोटी लावायची, हे कसोटी बनवणारा ठरवतो, आणि तो बहुधा कागदाच्या बाजूचा असतो.

कान

तिच्याशी बोलताना मला जाणवलं की मी तिच्या डाव्या बाजूला बसले की ती पटकन उत्तर देते. आईला विचारलं तर म्हणाली, "उजवा कान फुटतो तिचा. लहानपणापासनं. पावसाळ्यात जास्ती." ससून रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवलं. पडद्याला छिद्र आणि उजव्या कानाने ऐकू कमी येतं, असं निघालं. वर्गात ती भिंतीला डावा कान लावून, म्हणजे बाईंकडे उजवा करून बसत होती. प्रश्न विचारल्यावर नुसतं बघत राहण्याचं निदान कितीतरी अंशी इथे होतं. आणि कसोटीचा शाब्दिक भाग तर सगळा ऐकण्यावरच चालतो. बुद्धिमापनाआधी नजर आणि श्रवण तपासून घेणं हा प्राथमिक नियम आहे. घाईच्या दिवशी तोच गळतो.

जो निकष बघितलाच गेला नाही

बौद्धिक अक्षमता ठरवायला नुसता बुद्ध्यांक पुरत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांतही दैनंदिन जगण्यातली क्षमता तितकीच महत्त्वाची धरली आहे: स्वतःची कामं, पैशाचे व्यवहार, माणसांशी वागणं, जबाबदारी. आपल्याकडे त्यासाठी व्हाईनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी वापरतात. तिचंही भारतीय रूप मॅलिन यांनीच केलेलं. आईशी आणि बाईंशी बोलून मी ती भरली. 'स' एकटी पीएमपीच्या बसने मांजरीला जाऊन येते, भाकरी करते, भावाला औषधाचा डोस बरोबर मापाने देते, गाडीवरचे सुटे पैसे सांभाळते. या श्रेणीवर ती वयाच्या मानाने पुढे होती. अक्षमतेचं निदान इथेच गळून पडतं.

(नऊ वर्षांच्या मुलीने भाकरी थापावी यात मला कौतुक वाटत नाही. याच जबाबदाऱ्यांनी तिची शाळा खाल्ली. पण निदान करताना जे येतं ते येतं असं लिहावंच लागतं.)

तीच कसोटी लगेच पुन्हा घेतली तर सरावामुळे गुण वाढतात, म्हणून मी ती टाळली. आकृत्यांच्या रेव्हन कसोटीचा लहान मुलांसाठीचा रंगीत संच घेतला. त्यात ३६ आकृत्या, भाषा जवळजवळ नाही, वेळेची घाई नाही. निकाल: तिच्या वयाच्या मुलांच्या मधल्या गटात, त्यातही खालच्या बाजूला. मग मानसशास्त्रज्ञ रूव्हेन फॉयरस्टाईन यांच्या पद्धतीने वेगळ्याच आकृत्या घेऊन थोडं शिकवलं आणि पुन्हा नव्या आकृत्या दिल्या. इस्रायलमध्ये स्थलांतरित होऊन आलेल्या मुलांबरोबर काम करताना त्यांनी हे विकसित केलं: मूल आज काय जाणतं यापेक्षा शिकवल्यावर किती उचलतं ते बघायचं. 'स' चांगलं उचलत होती. एकदा समजलेली क्लृप्ती पुढच्या बैठकीतही तिच्याकडे शाबूत होती.

ती छुपी प्रतिभावंत निघाली नाही. सर्वसाधारण कुवतीची, मधली वर्षं हुकलेली, एका कानाने कमी ऐकणारी मुलगी आहे ती. आणि अशा मुलीलाही न्याय्य मापन मिळायलाच हवं.

उलट बाजू

या क्षेत्रातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माझ्याशी वाद घातला. त्यांचं म्हणणं असं, की अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं असतं तर तिला परीक्षेत सवलती आणि काही योजनांचा लाभ मिळाला असता. "तुम्ही शेरा काढलात, पण त्याबरोबर मदतही काढलीत." आईनेही मला सरळ विचारलं होतं, "कागद मिळाला तर काही पैसे मिळतील का, मॅडम?" उचलीचं जुनं देणं अजून फिटलेलं नाही. हा प्रश्न मला हलका वाटत नाही. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा २०१३ सालचा अभ्यास सांगतो की तीच माणसं तोडणीआधीच्या कडकीत अशा आकृत्यांच्या चाचणीत कमी पडतात आणि पैसे हाती आल्यावर सुधारतात. चणचण डोक्यावर बसलेली असताना डोकं दुसरीकडे चालत नाही. तरीही जे निदान खरं नाही ते मदतीसाठी लावायचं, याला माझी तयारी नाही. चुकीच्या शेऱ्यामुळे तिच्याकडून काही अपेक्षा ठेवणंच थांबलं असतं.

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे: कसोट्या काढून टाकल्या तर उरतं काय? शिक्षकाची नजर. आणि ती नजर कपडे, भाषा, आडनाव सगळं बघते. फ्लोरिडातल्या ब्राउअर्ड काउंटीत शिक्षक-पालकांच्या शिफारशीवर विसंबण्याऐवजी सगळ्याच मुलांची चाचणी घेतली, तेव्हा गरीब आणि कृष्णवर्णीय घरांतली कितीतरी बुद्धिमान मुलं नव्याने सापडली. स्कॉटलंडमध्ये १९३२ साली अकरा वर्षांच्या मुलांची घेतलेली चाचणी त्यातल्याच काहींना सत्याहत्तराव्या वर्षी पुन्हा दिली, तर दोन्ही निकालांत ठळक मेळ दिसला. कसोट्या काहीतरी खरं पकडतात, यात शंका नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थेने प्रज्ञावंत मुलं शोधायला कित्येक दशकं मानसशास्त्रीय चाचण्या वापरल्या आहेत. म्हणून मी कसोट्यांच्या विरोधात नाही.

पण फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये तेओदोर सिमों यांच्याबरोबर पहिली श्रेणी बनवली ती पॅरिसच्या शाळांमध्ये कुणाला जादा मदत लागेल ते ओळखायला. बुद्धी ही ठरलेली, न वाढणारी चीज आहे हा समज त्यांना मान्य नव्हता, आणि १९०९ मध्ये त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं. १९३०च्या दशकात धारवाडच्या डॉ. कामत यांनी ती श्रेणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, तेव्हा प्रश्न इथल्या मुलांच्या जगातले असावेत यासाठी त्यांना खटपट करावी लागली. तापमापकावर १०२ दिसलं तर डॉक्टर 'हा तापट माणूस' असं लिहून फाईल बंद करत नाही. ६९ दिसल्यावर आपणही कान, भाषा, हजेरी, घर, हात सगळं तपासायला लागायला हवं होतं.

पुढे

मी अहवाल नव्याने लिहिला. त्यात एकूण बुद्ध्यांक दिला नाही, कारण दोन भागांतल्या अंतरामुळे तो अर्थपूर्ण नाही, आणि तसं कारणही लिहिलं. शिफारशी चार ओळींच्या: डावा कान बाईंकडे येईल अशी जागा, पहिलीच्या पातळीपासून रोज अर्धा तास वाचन, वजाबाकी सुट्या नोटांपासून सुरू करून मग कागदावर, आणि फळ्यावरचं उतरवायला जादा वेळ. विशेष शाळेचा विषय मुख्याध्यापिकांनी बंद केला.

वर्ष संपताना 'स' मात्रा-वेलांटीचे शब्द सलग वाचू लागली होती. जोडाक्षरांना अजून अडखळते. हातच्याची वजाबाकी येते. मधे मायलेकी गावाकडे लग्नाला गेल्या आणि तीन आठवडे तिकडेच राहिल्या, तेव्हा थोडं मागे गेलं. वाचनातली अडचण शाळा हुकल्याची आहे की त्यात अध्ययन अक्षमतेचाही भाग आहे, हे आणखी एक वर्ष नियमित शिकवल्यावरच ठरवता येईल. आताच त्याची तपासणी करू नये असं मी फाईलमध्ये लिहून ठेवलं आहे. कानाच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेबद्दल ससूनमधले डॉक्टर ठरवतील. कान सलग काही महिने कोरडा राहायला हवा, म्हणून आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस घालायला आईला सांगितलं आहे. वडील पुढच्या हंगामात पुन्हा कोयत्यावर जायचं म्हणत होते. बाईंनी त्यांना शाळेत बोलावून घेतलं, आणि तूर्त तरी आई आणि मुलं पुण्यातच राहतील असं ठरलं आहे.